‘दोनशेपैकी एक’ म्हणून विकायला आलेली कॅरेरा आरएस: एका दाव्याची तपासणी

१९७३ ची पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ विक्रीला येते. रंग ग्रां प्री व्हाइट, बाजूला लाल ‘कॅरेरा’ पट्टी, मागे बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर. आत मागची सीट नाही, दाराला आर्मरेस्टऐवजी ओढायची पट्टी, डॅशबोर्डवर घड्याळाच्या जागी नुसतं झाकण. बॉनेटवर मीनाकारीचा बिल्ला नाही, त्याऐवजी स्टिकर आहे. विक्रेता सांगतो, “ही लाइटवेट, म्हणजे सोयी कमी करून हलकी केलेली आवृत्ती आहे, दोनशेपैकी एक.” चेसिस नंबर ९११ ३६० ने सुरू होतो, म्हणजे गाडी खरी आरएस आहे. इंजिनावर ९११/८३ हा इंजिन-प्रकाराचा क्रमांक ठोकलेला आहे. सगळं जुळतंय असं वाटतं.

या मॉडेलच्या बाबतीत असा दावा वारंवार होतो, म्हणून त्यावर बेतलेलं हे नमुना-प्रकरण घेतलं आहे. यात उत्पादनाचा आकडा खरा आहे, गाडीही खरी आहे. दोघांमधला दुवा मात्र तपासावा लागतो, आणि बहुतेक वेळा चूक तिथेच असते.

आकडा आला कुठून

१९७१ च्या अखेरीस नियम बदलले आणि पोर्शेची ५ लिटरची शर्यतीची गाडी ९१७ विश्वविजेतेपदाच्या मालिकेतून बाहेर पडली. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख अर्न्स्ट फुर्मान यांच्या कारकिर्दीत पोर्शेने ९११ वर बेतलेली शर्यतीची गाडी करायचं ठरवलं. शर्यतीच्या गट ४ या वर्गाची मान्यता मिळवायची तर किमान ५०० गाड्या बनवणं भाग होतं. मान्यतेसाठीच्या या प्रक्रियेला होमोलोगेशन म्हणतात. एवढी हलकी, एवढी कमी सोयींची गाडी पाचशे लोक घेतील का, याची विक्री विभागाला धास्ती होती. ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसच्या मोटर शोमध्ये गाडी दाखवली आणि नोव्हेंबर संपेपर्यंत पाचशे गाड्या विकल्याही गेल्या. त्यानंतर उत्पादन वाढवलं. हजाराचा टप्पा ओलांडल्यावर गट ३ चीही मान्यता मिळाली. जुलै १९७३ पर्यंत एकूण आकडा १५८० झाला.

या १५८० ची फोड अशी: टूरिंग १३०८, स्पोर्ट म्हणजे बोलीभाषेतली लाइटवेट २००, शर्यतीची आरएसआर ५५ आणि मूळ होमोलोगेशन अवस्थेतली आरएसएच १७. बेरीज बरोबर १५८० येते.

ही बेरीज आधी स्वतः करून बघावी. कारण आरएसआरसाठी ५५ ऐवजी ४९ हा आकडाही ठिकठिकाणी छापलेला आढळतो. तो घेतला तर बेरीज १५७४ होते आणि सहा गाड्यांचा हिशेब लागत नाही. एका तक्त्यातून ४९ आणि दुसऱ्यातून १५८० उचललं की आकडे एकमेकांना खाऊ लागतात. कुठलाही आकडा घ्या, पण सगळी फोड एकाच तक्त्यातली हवी. १५९० या आकड्याचंही तेच. चेसिस नंबरांचे शेवटचे चार अंक १५९० पर्यंत जातात, म्हणून तो आकडा दिसतो. पहिले दहा क्रमांक प्रोटोटाइपांकडे गेले, ते वजा केले की १५८० उरतात.

आरएसएचच्या १७ ची तऱ्हा वेगळी आहे. होमोलोगेशनसाठीच्या गाड्या आधी अगदी नागव्या, हलक्या अवस्थेत तयार करायच्या, वजनकाट्यावर चढवायच्या, मग परत कारखान्यात नेऊन ग्राहकाने मागितलेली सोय बसवायची, असा क्रम होता. त्यामुळे ‘१७ बनवल्या’ हे वाक्य नेमकं नाही. १७ त्या अवस्थेत *राहिल्या*. दुर्मीळपणाच्या चर्चेत ‘बनल्या’, ‘त्या रूपात विकल्या गेल्या’ आणि ‘आज शिल्लक आहेत’ हे तीन वेगळे आकडे असतात, आणि जाहिरातींत त्यांची सर्रास सरमिसळ होते. वर्षाचंही तसंच. १९७३ हे मॉडेल-वर्ष आहे, आणि या वर्षाच्या पहिल्या कित्येक गाड्या १९७२ मध्येच कारखान्याबाहेर पडल्या. पहिली नोंदणी १९७२ ची दिसली म्हणून गाडीवर संशय घेऊ नये.

टूरिंग आणि लाइटवेट यांत नेमका फरक किती

इंजिन दोघांतही तेच. आधीच्या ९११ एस २.४ च्या ८४ मिमी बोअरऐवजी (सिलिंडरचा व्यास) ९० मिमी बोअर केला, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७०.४ मिमी तसाच ठेवला आणि २३४१ चे २६८७ सीसी झाले. एवढा मोठा बोअर त्याच ब्लॉकमध्ये बसला तो निकासिल या कठीण निकेल मुलाम्याच्या अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरमुळे. जाड अस्तराची गरज उरली नाही. बॉशचं यांत्रिक इंधन इंजेक्शन, ६३०० आरपीएमला २१० पीएस, ५१०० ला २५५ न्यूटन-मीटर. चाकं पुढे ६ इंच, मागे ७ इंच रुंद. टायर पुढे १८५/७०, मागे २१५/६०. मागचे मडगार्ड त्यासाठी ४२ मिमी रुंद केले.

फरक पर्यायांच्या कोडमध्ये आहे. गाडीची मूळ किंमत ३४,००० मार्क. त्यावर ७०० मार्क दिले की एम ४७१, म्हणजे स्पोर्ट. २५०० मार्क दिले की एम ४७२, म्हणजे ९११ एससारख्या आतल्या सोयींची टूरिंग. आरएसआरचा कोड एम ४९१. लाइटवेटचं वजन ९६० किलो, टूरिंगचं १०७५. शून्यापासून १०० किमीपर्यंत लाइटवेट ५.८ सेकंदांत जाई, टूरिंग ६.३ सेकंदांत, कमाल वेग अनुक्रमे २४५ आणि २४० किमी.

तपासणीत सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट ही: चेसिस नंबर लाइटवेट आणि टूरिंग वेगळ्या करत नाही. ९११ हा प्रकार, ३ म्हणजे १९७३ चं मॉडेल, ६ म्हणजे कॅरेरा आरएसचं इंजिन, ० म्हणजे कूपे, आणि शेवटचे चार अंक अनुक्रमांक. त्याच वर्षीच्या ९११ एस कूपेचा नंबर ९११ ३३० ने सुरू होतो, ९११ टीचा ९११ ३१० किंवा ९११ ३५० ने. म्हणजे टी किंवा एसला रुंद मडगार्ड आणि शेपटी लावून केलेली नक्कल या नंबरावरूनच बाद होते. पण ९११ ३६० एवढंच सांगतो की गाडी १५८० पैकी एक आहे. ती २०० पैकी आहे की १३०८ पैकी, हे त्या धातूवर कुठेही लिहिलेलं नाही. ते कारखान्याच्या उत्पादन-कार्डावर असतं, एम-कोडच्या रकान्यात.

आता ही १३०८ आणि २०० ची तफावत लक्षात घ्या. प्रत्येक लाइटवेटमागे साडेसहा टूरिंग आहेत. टूरिंगची लाइटवेट करायला सीट काढायची, गालिचे आणि आवाजरोधक थर खरवडायचा, दाराची आतली पॅनेल बदलायची, काच पातळ लावायची, पुढचा बिल्ला उतरवून स्टिकर चिकटवायचा. सांगाडा, इंजिन, मडगार्ड यांना हात लावावा लागत नाही. लाइटवेटला बाजारात टूरिंगपेक्षा बरीच जास्त किंमत मिळते, म्हणून हा उद्योग वर्षानुवर्षं चालत आला. कारखान्याच्या कागदावरच्या २०० चे २०१ होणार नाहीत, पण लाइटवेटसारख्या *दिसणाऱ्या* गाड्या वाढत राहतात. या प्रकरणातली गाडी त्यांतलीच आहे का, हे आता क्रमाने पाहू.

तपासणी

पहिली पायरी चेसिस नंबरच्या तीन जागा. ९११ चं इंजिन मागे असतं, त्यामुळे डिकी पुढे; तिथला गालिचा उचलला की पत्र्यात ठोकलेला नंबर. बॉनेटच्या कुलपाजवळ अ‍ॅल्युमिनियमची पाटी. आणि विंडस्क्रीनच्या खांबावर छोटी पाटी. पाट्या रिव्हेटवर असतात, त्या बदलता येतात. म्हणून पत्र्यातला नंबर महत्त्वाचा. अंकांची खोली सारखी आहे का, भोवतीचा रंग ताजा आहे का, पत्र्याच्या कडेला वेल्डिंगची रेघ आहे का, हे भिंगाने बघायचं. या गाडीत पत्र्यातला नंबर स्वच्छ आहे, भोवती वेल्ड नाही. खोड खरं आरएसचं.

दुसरी पायरी उत्पादन क्रमांक. हा चेसिस नंबरपेक्षा वेगळा असतो आणि डॅशबोर्डच्या खालच्या गादीपट्टीमागे ठोकलेला असतो. नक्कल करणाऱ्यांना तो बरेचदा आठवत नाही. तो कार्डावरच्या क्रमांकाशी जुळला, तर नंबराचा पत्रा दुसऱ्या गाडीतून कापून आणलेला नाही याचा चांगला पुरावा मिळतो. इथे तो जुळतो.

तिसरी पायरी इंजिन. ९११/८३ हा प्रकार पाहून विक्रेता निश्चिंत झाला होता, आणि इथेच पहिली गाठ निसटली. ९११/८३ इंजिन फक्त १९७३ च्या आरएसमध्ये नव्हतं. १९७४ आणि १९७५ च्या युरोपीय कॅरेरा २.७ मध्येही हेच यांत्रिक इंजेक्शनचं इंजिन बसवलं होतं. फरक क्रमांकात दिसतो: १९७३ च्या आरएसचं इंजिन ६६३ ने सुरू होतं, १९७४ चं ६६४ ने. या गाडीतलं ६६४ ने सुरू होतं. म्हणजे इंजिन त्याच घराण्यातलं, पण या गाडीचं नव्हे. गिअरबॉक्स ७८३ ने सुरू होतो, तो १९७३ चा आहे. कार्डावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिल्यावर मूळचाच निघाला.

इंजिन बदललं म्हणून कुणी फसवणूक केली असा निष्कर्ष मात्र काढू नये. आरएसचा क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं मुख्य कवच, मॅग्नेशियमचा आहे. मॅग्नेशियम तापल्यावर जास्त प्रसरण पावतं, मऊही असतं. सिलिंडर हेड धरणारे लांब स्टड त्यात सैल होतात, आटे उपटून येतात. शर्यतीत वापरलेल्या गाडीत केसला तडेही जातात. सत्तर-ऐंशीच्या दशकात ही गाडी म्हणजे जुनी शर्यतीची गाडी होती, कोणी तिजोरीत ठेवत नव्हतं. केस गेला की जे मिळेल ते इंजिन बसवायचं, असा सरळ हिशेब होता. आज केस दुरुस्त करताना प्रत्येक स्टडच्या भोकात पोलादी इन्सर्ट बसवतात; तेव्हा तेवढी तसदी कमी लोक घेत. त्यामुळे ६६४ चं इंजिन किंमत कमी करतं, पण गाडी आरएस असण्याला धक्का लावत नाही.

चौथी पायरी कार्ड. कारखान्याच्या नोंदीत या चेसिस नंबरसमोर एम ४७२ आहे. इथे प्रश्न तत्त्वतः मिटला: गाडी टूरिंग म्हणून बाहेर पडली होती. पण नुसत्या कागदावर न थांबता गाडीच्या अंगावरही खुणा शोधाव्यात, कारण ग्राहकाने पर्यायांत बदल करून घेतल्याची शक्यता उरते. एम ४७१ मागवून त्यात टूरिंगच्या एक-दोन सोयी घातलेल्या आणि एम ४७२ मागवून काही वस्तू वगळलेल्या गाड्याही होत्या. दिसणं आणि कोड यांच्यात छोटी विसंगती म्हणजे लगेच लबाडी नव्हे.

इथे खुणा मात्र एकाच दिशेच्या आहेत. मागच्या सीटच्या पाठीचे कब्जे जिथे बसतात तिथली भोकं भरून रंगवली आहेत. घड्याळाच्या झाकणामागे वायर आणि जोडणी तशीच लोंबते आहे. तळाच्या पत्र्यावर आवाजरोधक डांबरी थराचे खरवडलेले अवशेष आहेत, आणि ते खरवडताना पत्र्यावर उठलेले ओरखडे नंतरच्या रंगाखालून दिसतात. इंजिनाचं झाकण लोखंडी आहे, त्यावर फायबरग्लासची शेपटी. लाइटवेटवर झाकण आणि शेपटी दोन्ही फायबरग्लासची असतात. झाकण बदलता येतं, म्हणून त्या एका खुणेवर विसंबू नये. पण सीटची भोकं, वायर आणि डांबर तिन्ही एकच गोष्ट सांगत असतील तर ती ऐकावी.

वजनकाटा आणि पत्र्याची जाडी: दोन्ही पुरावे कच्चे का

या दोन चाचण्यांवर लोकांचा फार भरवसा असतो. दोन्ही कराव्यात, पण निर्णय त्यांच्यावर सोडू नये.

लाइटवेट आणि टूरिंगच्या वजनात ११५ किलोंचा फरक. आरएसची टाकी ८५ लिटरची. पेट्रोलची घनता साधारण ०.७४ धरली तर भरलेली टाकी ६३ किलो होते. म्हणजे टाकी भरलेली की रिकामी एवढ्यावरच निम्म्याहून जास्त फरक इकडचा तिकडे होतो. त्यात बॅटरी, स्टेपनी, जॅक, हत्यारं. आधी हे सगळं लिहून ठेवायचं, टाकी रिकामी करायची किंवा काठोकाठ भरायची, पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा तोलायचा, गाडी काट्यावर आडवी-तिडवी उभी नाही हे बघायचं. एवढं करूनही आतल्या सोयी काढून टाकलेली टूरिंग लाइटवेटच्या जवळ पोचतेच, कारण तिच्यातून काढलं तेच लाइटवेटमध्ये नव्हतं. जास्त वजन लाइटवेटचा दावा डळमळीत करू शकतं. कमी वजन तो सिद्ध करत नाही.

पत्र्याचं उलट आहे. पहिल्या सुमारे ५०० गाड्यांत बऱ्याच ठिकाणी पातळ पत्रा वापरला होता, आणि तो होमोलोगेशनच्या वजनासाठी होता. त्याचा संबंध अनुक्रमांकाशी जास्त आणि एम-कोडशी कमी आहे. सुरुवातीची टूरिंगही पातळ पत्र्याची असू शकते, शेवटची लाइटवेट जाड. त्यात गंजाची भर. लाइटवेटवर खालून संरक्षक थर नावापुरताच होता, त्यामुळे पुढच्या सस्पेन्शनभोवतालचा पत्रा, दाराखालच्या पट्ट्या, तळ आणि मागच्या मडगार्डच्या कडा आधी गेल्या. दुरुस्तीला नवीन पॅनेल आलं ते नेहमीच्या जाडीचं. मग अल्ट्रासाउंड मीटरने जाडी मोजली की अस्सल लाइटवेटच नकली वाटू लागते. जाडी मोजताना किमान छत, मागच्या मडगार्डचा वरचा भाग आणि मागच्या सीटखालचा तळ अशा तीन ठिकाणी मोजावी. छत सहसा बदललेलं नसतं, म्हणून त्याचा आकडा सर्वांत बोलका.

तुकडे पाडत गेलं की प्रत्येक गाडी एकुलती एक

आपली गाडी टूरिंग निघाल्यावर विक्रेता दुसरी वाट धरतो: “मग हा रंग, ही पट्टी आणि सनरूफ असलेली टूरिंग किती? दहाही नसतील.” हा युक्तिवाद सगळ्याच स्पोर्ट्स कारच्या बाबतीत केला जातो. रंग, पट्टीचा रंग, आतलं कापड, डिफरन्शियल, सनरूफ, डावी-उजवी स्टिअरिंग, विकलेला देश असे सात-आठ गाळे लावले की १३०८ मधून शेवटी एकच गाडी उरते. गणित चुकीचं नाही. पण असा आकडा किंमत ठरवत नाही, कारण त्या नेमक्या जुळणीला वेगळी मागणी नसते. लाइटवेटला आहे, कारण ती वेगळी चालते आणि शर्यतीच्या नियमातून आली आहे. सनरूफमुळे तर छताचं वजन वाढतं. आरएसवर ते दुर्मीळ असूनही कित्येक खरेदीदारांना नको असतं. दुर्मीळ असणं आणि हवंहवंसं असणं यांची गाठ दर वेळी पडतेच असं नाही.

आरएसआर या बाबतीत खरा मापदंड आहे. ९२ मिमी बोअर, २८०८ सीसी, सुमारे ३०० पीएस. फेब्रुवारी १९७३ मध्ये पीटर ग्रेग आणि हर्ली हेवूड यांनी तिच्यावर डेटोनाची २४ तासांची शर्यत जिंकली, मे महिन्यात हर्बर्ट म्युलर आणि गिज्स व्हॅन लेनेप यांनी सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ शर्यत. तिची संख्या कमी आहे याहून तिने काय केलं हे मोठं आहे. पण आरएसआरमध्येच तपासणी सर्वांत अवघड जाते: अपघातात सांगाडा गेला, कारखान्याकडून नवा आणून त्यावर जुनी पाटी लावली, आणि उरलेला जुना सांगाडाही पुढे कुणीतरी उभा केला, असं शर्यतीच्या जगात झालेलं आहे. तेव्हा एकाच नंबराच्या दोन गाड्या समोर येऊ शकतात.

भारतात आणायची म्हटली तर

१९७३ ची गाडी आता पन्नाशीच्या पुढे आहे, त्यामुळे २०२१ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतली व्हिंटेज नोंदणी तिला लागू होऊ शकते. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण, आयात केलेली गाडीही चालते. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि नंबरात राज्याच्या कोडनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. महाराष्ट्रात एमएच व्हीए. पण त्यात अट आहे ती गाडी मूळ रूपात असण्याची: चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल नकोत. ९११ टीवर रुंद मडगार्ड चढवून केलेली आरएस इथे अडकते. ६६४ च्या इंजिनाबद्दलही आरटीओपुढे कागद लागतील, म्हणून इंजिन कधी आणि का बदललं याची जुनी बिलं आधीच गोळा केलेली बरी. कस्टम्सचा आणि आयातीचा हिशेब त्याहून वेगळा; तो गाडी उचलण्याआधी करायचा.

या गाडीचा निकाल

गाडी अस्सल कॅरेरा आरएस २.७ आहे. एम ४७२ टूरिंग, १३०८ पैकी एक. गिअरबॉक्स मूळचा, इंजिन त्याच प्रकाराचं पण १९७४ च्या क्रमांकाचं. आतली मांडणी नंतर लाइटवेटसारखी केलेली, आणि ती उलटवता येण्यासारखी: मागच्या सीट, दाराची पॅनेल, घड्याळ, लोखंडी मागचा बंपर हे सुटे भाग मिळतात. घड्याळाची वायर जागेवर आहेच. परत टूरिंग करावी की तशीच ठेवावी हे मालकाने ठरवावं. आमच्या मते परत करणं योग्य, कारण मूळ टूरिंग म्हणून ती जास्त प्रामाणिक आणि टिकाऊ किंमत मिळवेल. जाहिरातीचा मजकूर मात्र आजच बदलायला हवा: “१९७३ कॅरेरा आरएस २.७, कारखान्याच्या नोंदीनुसार एम ४७२, गिअरबॉक्स मूळ, इंजिन १९७४ चं ९११/८३, अंतर्भाग लाइटवेट धर्तीवर बदललेला.” सोबत चेसिस नंबर आणि उत्पादन क्रमांकाचे जवळून काढलेले फोटो, कार्डाची प्रत आणि टाकी रिकामी असतानाचं वजन.